खाली मोकळी जागा आहे का?

२५ जुलै २०२२ रोजी, सोमवारी सकाळी, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक छोटे विमान कोसळले. विमान सेसना १५२ जातीचे, दोन आसनांचे. बारामतीच्या एका प्रशिक्षण संस्थेची शिकाऊ वैमानिक मुलगी ते एकटीच चालवत होती. लांब पल्ल्याच्या एकल उड्डाणाचा सराव चालू होता आणि बारामती आता फार दूर राहिली नव्हती. तेवढ्यात इंजिनाची ताकद गेली. विमान शेतात आदळून उलटेपालटे झाले, पण मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. गावकरी धावले, तिला रुग्णालयात नेले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मोडक्या पंखांचे छायाचित्र आले. बातमी तिथेच संपली.

पुण्याकडच्या निसर्गप्रेमींना कडबनवाडीचे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. तिथला गवताळ माळ चिंकारा आणि लांडगे पाहायला जाण्याचे ठिकाण आहे. झाडे विरळ, घरे लांब लांब, जमीन बरीचशी सपाट. त्या मुलीच्या हातात वाचण्याचे जे काही होते, त्यात तिच्या शिक्षणाइतकाच या माळरानाचा वाटा होता असे मला वाटते. हेच इंजिन दादरच्या किंवा लालबागच्या डोक्यावर थांबले असते तर काय झाले असते, हा प्रश्न उगाच भीती घालण्यासाठी विचारत नाही. मुंबईतल्या विमानविद्येचा सुरुवातीचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलेला आहे, आणि ही विद्या मुंबईतून बाहेर का गेली याचे उत्तरही बऱ्याच अंशी त्यातच आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येते, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो तो वेग. इंजिन तो वेग पुरवते. ते थांबले की वैमानिकाने नाक किंचित खाली करायचे आणि उंची खर्च करून वेग विकत घ्यायचा. सेसना १५२ अशा वेळी ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने तरंगत उतरते. हजार फूट उंचीवरून तिला साधारण अडीच किलोमीटर पुढे जाता येते आणि जमिनीवर टेकायला दीड मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो. या दीड मिनिटात वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहायचे, शेत निवडायचे, इंधनाचा कॉक आणि मॅग्नेटोची कळ तपासायची, इंजिन पुन्हा चालू होते का ते बघायचे, नियंत्रण कक्षाला कळवायचे आणि शेवटी निवडलेल्या शेतातच उतरायचे. यात सर्वांत घातक मोह दोन असतात. एक म्हणजे घाबरून नाक वर ओढायचे. त्याने वेग जातो, पंखांवरची हवा तुटते आणि मग विमान खरोखरच दगड होते. दुसरा मोह म्हणजे उड्डाण केल्याबरोबर इंजिन गेले तर वळून धावपट्टीकडे परत यायचे. वळणात उंची झपाट्याने संपते. म्हणून जगभरच्या शाळांत एकच शिकवण आहे: उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर समोर जे दिसेल त्यात उतरा.

इंजिन थांबण्याची कारणे बहुतेक वेळा अगदी घरगुती असतात. टाकीत पाणी उतरलेले असते, प्लगवर काजळी बसलेली असते, कधी इंधनच संपते. एक कारण मात्र आपल्या पावसाळ्याशी जोडलेले आहे आणि ऐकणाऱ्याला ते खोटे वाटते: कार्बोरेटरमध्ये बर्फ साचणे. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना आतले तापमान वीसेक अंशांनी उतरू शकते. बाहेर पंचवीस अंशांची दमट, ढगाळ हवा असली तरी आत बर्फाचा थर धरतो, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि फेरे हळूहळू कमी होतात. म्हणून अशा विमानात कार्बोरेटरला गरम हवा देणारी एक वेगळी मूठ असते. बर्फ वितळला की पुरावाही वितळतो. तपास करणाऱ्यांना या कारणाने नेहमीच सतावले आहे.

आता मुंबईकडे वळू.

१९२५ मध्ये इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कंपनीचे मॉथ विमान उडाले आणि हौशी माणसाला परवडेल असे विमान प्रथमच बाजारात आले. त्याच्या इंजिनाची कथा गमतीची आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर रेनॉ कंपनीची आठ सिलिंडरची इंजिने ढिगाने पडून होती. फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने त्यांचे भाग वापरून, जणू एका इंजिनाचे दोन तुकडे करून, चार सिलिंडरचे ‘सायरस’ इंजिन बनवले. जुना साठा संपत आल्यावर त्यानेच नवे ‘जिप्सी’ इंजिन रचले. भंगारातून जन्मलेल्या या घराण्याच्या जोरावर पुढची दोन दशके अर्ध्या जगाने उडायला शिकून घेतले. हिंदुस्थानात १९२८ च्या सुमारास दिल्ली, कलकत्ता, कराची आणि मुंबई येथे फ्लाइंग क्लब निघाले तेही मॉथ विमानांवरच.

मुंबईच्या क्लबाला जागा मिळाली जुहूला. त्या काळच्या मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर ही निवड सहज पटते. शहर म्हणजे खऱ्या अर्थाने माहीमच्या खाडीपर्यंतचे बेट. दक्षिणेला फोर्टच्या दगडी इमारती आणि त्यांच्या पुढ्यात ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान. मग गिरगावच्या चाळी आणि वाड्या, इतक्या दाट की वरून रस्तेही दिसू नयेत. भायखळ्यापासून पुढे परळ, लालबाग, शिवडीपर्यंत गिरण्या, त्यांची उंच धुराडी आणि धुराडी धूर सोडत असताना वर साचलेला करडा पडदा. मोकळे म्हणावे असे काय, तर महालक्ष्मीचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, पूर्वेकडची शिवडी-वडाळ्याची चिखलवट आणि मिठागरे, आणि पश्चिमेला चौपाटी. तिच्यावर माणसांची वर्दळ आणि भरतीचा भरवसा नाही. एका इंजिनाच्या विमानाने शहरावरून उडायचे तर इतके उंच उडायचे की इंजिन थांबले तरी तरंगत यांतल्या कोणत्या तरी जागेपर्यंत किंवा निदान समुद्रापर्यंत जाता यावे. दाट वस्तीवरून उडण्याचा जागतिक नियम आजही याच हिशोबावर उभा आहे. जुहूला हा हिशोब फार सोपा होता. खाली चिखलाची सपाट जमीन, बाजूला लांबलचक वाळूचा किनारा, पलीकडे समुद्र, आणि वस्ती म्हणाल तर कोळीवाडे आणि नारळीच्या बागा. शिकाऊ उमेदवाराने चूक केली तरी तिची किंमत थोडक्यात चुकवता येई.

याच जुहूवर जे. आर. डी. टाटा उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना देशात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. हे सर्वांना माहीत असते. त्यानंतरच्या वर्षाची एक घटना मला जास्त बोलकी वाटते. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट असा प्रवास एका महिन्यात एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. स्पर्धक तीन: मनमोहन सिंग, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. मे १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून पश्चिमेला निघाले, अस्पी इंग्लंडहून पूर्वेला येत होता. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्या इंजिनाला चांगले स्पार्क प्लग हवे होते आणि ते कुठे मिळत नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला काढून दिले. अस्पीने कृतज्ञतेने आपले तरंगण्याचे जाकीट त्यांना दिले. अस्पी आधी पोचला आणि बक्षीस त्याचे झाले. पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट खिलाडूवृत्तीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण वैमानिकाच्या नजरेने पाहिले तर तिचा अर्थ आणखी एक आहे. विमानाच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो ठेवतात, ते एक दगा देणार हे गृहीत धरूनच. बोटभर लांबीच्या त्या वस्तूवर भूमध्य समुद्र ओलांडायचा की नाही हे ठरत होते. प्रतिस्पर्ध्याला प्लग नाकारणे म्हणजे त्याला हरवणे होते, किंवा खराब प्लगांवर उडायला लावून समुद्रात ढकलणे. दोघांनाही हे न बोलता कळत होते. एकाने प्लग दिले आणि दुसऱ्याने तरंगण्याचे जाकीट, या देवाणघेवाणीत त्या काळच्या उड्डाणाची सगळी जोखीम दिसते.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांची हवाई टपाल सेवा सुरू झाली. पहाटे ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. कराचीच्या ड्रिग रोड तळावरून पस मॉथ विमान घेऊन निघाले. बरोबर ५५ पौंड टपाल. अहमदाबादला बर्मा शेलचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आले, टाकी भरली गेली, आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. विमानात रेडिओ नव्हता, वाटेत दिशा दाखवणारे यंत्र नव्हते, आणि इंजिन एकच होते.

या मार्गाची जमीन पाहण्यासारखी आहे. कराचीहून निघाल्यावर कच्छच्या बाजूची खारट सपाटी, गुजरातचे मैदान, मग कोकणची किनारपट्टी. यात कुठेही इंजिन थांबले तरी उतरायला जागा सापडेल. अवघड टप्पा मुंबईनंतरचा. सह्याद्री ओलांडताना काही मिनिटे अशी येत की खाली दरी, जंगल आणि कडे यांखेरीज काही नाही. घाट पार केला की दख्खनचे पठार पुन्हा हात पुढे करते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटा आपला मुक्काम पुण्याला येरवड्याकडे हलवत. पहिल्या वर्षात या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून अधिक टपाल नेले. व्यवसाय म्हणून या आकड्यांचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यात तीन-चार यांत्रिकांचे हात दिसतात. एका इंजिनावर इतके मैल सुखरूप काढणे हे संध्याकाळी दिव्याच्या उजेडात प्लग पुसणाऱ्या आणि गाळण्या साफ करणाऱ्या माणसांचे काम होते. त्यांची छायाचित्रे कुठल्या स्मरणिकेत क्वचितच सापडतात. पस मॉथचे मोठे दुखणे त्या काळी इंजिनाचे नव्हतेच. वादळी हवेत तिच्या पंखांचे आधार थरथरून मोडल्याचे अपघात इतर देशांत झाले होते आणि पुढे तिथे एक लहान जादा दांडी बसवून ते दुखणे बरे केले गेले.

मग एकाऐवजी दोन इंजिने लावली की प्रश्न मिटतो का? स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना तसेच वाटत होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पोती बदलत आणि परतीला लागत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी कलकत्त्यात पोचे. १२ डिसेंबर १९५३ च्या अंधारात सोनेगावहून उडालेल्या अशाच एका डाकोटाचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झाले. दुसरे इंजिन चालू होते. तरी विमान पडले आणि त्यातल्या चौदा जणांपैकी तेरा गेले. वाचला तो वैमानिक. दोन इंजिनांपैकी एक गेले की ओढ एका बाजूने लागते, विमान बंद पडलेल्या इंजिनाच्या बाजूला वळू पाहते, आणि कमी उंचीवर, कमी वेगात हे सावरायला फार थोडे क्षण मिळतात. डाकोटा काही हलके विमान नव्हे, पण जमिनीजवळ ताकद गेली की काय होते हे तिने नागपूरकरांना दाखवले.

याच काळात मुंबई बदलत होती. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा तळ बांधला गेला आणि १९४८ मध्ये प्रवासी वाहतूक तिकडे गेली. जुहूला उरली ती लहान विमाने आणि पुढे हेलिकॉप्टरे. भोवतालच्या बागा जाऊन इमारती आल्या, चिखलवटीवर वसाहती उठल्या, आणि सांताक्रूझला दर काही मिनिटांनी उतरणाऱ्या जेट विमानांमुळे जुहूच्या आकाशात शिकाऊ माणसाला घिरट्या घालायला जागाच राहिली नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले प्रशिक्षण धुळ्याला नेले. इतर संस्था बारामती, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी उभ्या राहिल्या. मुंबईचा मुलगा वैमानिक व्हायचे म्हणून आज खानदेशात किंवा भीमेच्या खोऱ्यात जाऊन राहतो, याचे एक कारण तिथल्या कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतांत आहे.

मुंबईत जागा किती संपली आहे हे २८ जून २०१८ रोजी दिसले. जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले दोन इंजिनांचे बीचक्राफ्ट किंग एअर विमान घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात पडले. विमानातले चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी ठार झाला. या अपघाताच्या कारणांची चर्चा इथे करायची नाही. मुद्दा जागेचा आहे. भर दुपारी, लाखोंच्या वस्तीत विमान पडून जमिनीवरचा एकच माणूस गेला, ही गोष्ट लोकांनी नशिबावर घातली, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

इथवर वाचून असे वाटेल की मोकळे शेत मिळाले की झाले. तसे असते तर ‘दीपक’ची कथा घडली नसती. ती जरा विस्ताराने सांगायला हवी.

आपल्याकडे विमान रचण्याची विद्या रुजवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्यासारख्या वायुगतिशास्त्राच्या आचार्याकडे शिकून आले होते. त्यांनी याच कारखान्यात एचटी-२ हे संपूर्ण भारतीय रचनेचे पहिले विमान तयार केले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते उडाले. त्याला बसवलेले इंजिन सायरस मेजर, म्हणजे हॅलफर्डच्या त्या भंगारातून निघालेल्या घराण्याचाच वंशज. भोवऱ्यासारखे गिरक्या घेत खाली येताना हे विमान हाताळायला अवघड, अशी त्याची ख्याती होती, पण हवाई दलाच्या कित्येक तुकड्या त्याच्यावर शिकल्या. घाटग्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुढे ‘किरण’ हे प्रशिक्षणाचे जेट विमान झाले.

एचटी-२ म्हातारे झाल्यावर त्याच्या जागी आले एचपीटी-३२, नाव ‘दीपक’. पहिले उड्डाण जानेवारी १९७७ मध्ये झाले आणि १९८४ पासून ते हवाई दलात आले. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत, हे त्याचे वैशिष्ट्य. इंजिन अमेरिकन लायकमिंग, २६० अश्वशक्तीचे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून, सातारच्या सैनिक शाळेतून, औरंगाबादच्या सेवापूर्व संस्थेतून निघालेली मुले हवाई दलात उडायला निवडली गेली की हैदराबादजवळ दुंडिगलला जात आणि तिथे त्यांच्या आयुष्यातले पहिले विमान बहुधा हेच असे.

या दीपकचे इंजिन हवेत बंद पडे. एकदा-दोनदा घडले असते तर त्याला अपघात म्हणता आले असते. पंचवीस वर्षांत १७ विमाने कोसळली आणि १९ वैमानिकांचा जीव गेला, हा संसदेत सांगितला गेलेला आकडा आहे. जीव न जाता शेतात, रस्त्यालगत, नाल्याकाठी उतरवलेली विमाने यात धरलेली नाहीत. याच घराण्यातली लायकमिंग इंजिने जगभर हजारो विमानांत सुखाने चालतात, म्हणून संशय इंजिनापेक्षा त्याला इंधन पोचवणाऱ्या मांडणीवर गेला. सेसनाचे पंख वर असतात, त्यांतले पेट्रोल आपल्या वजनाने खाली इंजिनाकडे उतरते. दीपकचे पंख खाली, इंजिन वर. इंधन पंपाने चढवावे लागते, आणि उलटेसुलटे उडण्याच्या कसरतींतही पुरवठा अखंड ठेवावा लागतो. दख्खनच्या उन्हात नळीत पेट्रोलची वाफ होऊन तिचा बुडबुडा अडकला की पंप फुकट फिरतो आणि इंजिन उपाशी राहते. पुरवठ्याच्या या भागात फेरफार करून पाहिले गेले. अपघात थांबले नाहीत.

त्यात दीपक तरंगण्यातही चांगले नव्हते. इंजिन गेले की ते भराभर खाली येई. जमिनीपर्यंतचा वेळ आखूड, आणि सोबत प्रथमच विमानात बसलेला विद्यार्थी. आसनासकट बाहेर फेकले जाण्याची सोय नव्हती. शिक्षकांनी यावर उपाय काढला तो सरावाचा. सक्तीने उतरण्याचा अभ्यास इतर कुठे परीक्षेपुरता करतात. इथे तो रोजचा झाला. वर असताना डोळे सतत खाली: हे शेत नांगरलेले, ते पाण्याचे, तिकडे विजेच्या तारा. दीपकवर शिकलेले वैमानिक या सवयीचा अभिमानाने उल्लेख करतात. मला मात्र त्या अभिमानाआड काही तरी लपून राहिले असे वाटते. सक्तीचे अवतरण उत्तम करणाऱ्याला शाबासकी मिळत गेली, न जमलेल्याच्या चुकीवर बोट ठेवता येऊ लागले, आणि इंजिन मुळात बंद का पडते हा प्रश्न वर्षानुवर्षे दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पहिला अपघात ते शेवटची बंदी यांत पाव शतक गेले, याचा दोष एखाद्या तुकडीवर किंवा एखाद्या अधिकाऱ्यावर टाकता येत नाही. पर्यायी विमान नव्हते आणि दरवर्षी वैमानिक तर हवे होते, म्हणून तेच विमान उडत राहिले.

३१ जुलै २००९ रोजी तेव्हाच्या मेडक जिल्ह्यात एक दीपक कोसळले आणि त्यातले दोघेही, दोघेही अनुभवी शिक्षक, मरण पावले. या वेळी ‘नवख्याची चूक’ म्हणायला जागा नव्हती. सगळी दीपक विमाने जमिनीवर उभी केली गेली. मग एक विलक्षण योजना पुढे आली: अख्ख्या विमानालाच पॅराशूट बसवायचे, इंजिन थांबले की ते उघडून विमानासकट खाली यायचे. अशी पॅराशूटे परदेशी लहान विमानांत आहेत आणि त्यांनी जीव वाचवलेही आहेत. पण ज्या विमानाचे इंजिन भरवशाचे करता येत नाही त्याला छत्री लावून पुन्हा मुलांच्या हाती द्यायचे, हे शेवटी कोणाच्याच गळी उतरले नाही आणि दीपक परत उडाले नाही. मधली चार वर्षे नवशिक्यांना थेट किरण जेटवर बसवावे लागले आणि त्यांच्या उड्डाणाचे तास कापावे लागले. मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी ७५ विमानांचा करार झाला आणि २०१३ मध्ये ती दुंडिगलला दाखल झाली.

दीपकचा देशी वारस एचटीटी-४० जून २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यासमोर बंगळूरला जाहीरपणे उडाला. या विमानाला पेट्रोलचे पिस्टन इंजिन नाही, टर्बोप्रॉप आहे. प्लगवरची काजळी आणि कार्बोरेटरमधला बर्फ ही दुखणी त्याच्या वाट्याला येत नाहीत. दोन्ही आसने गरज पडली तर वैमानिकाला बाहेर फेकणारी आहेत, विमान धावपट्टीवर उभे असले तरीसुद्धा. मार्च २०२३ मध्ये हवाई दलाने अशा ७० विमानांची मागणी नोंदवली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या बांधणीची दुसरी साखळी आपल्या नाशिकजवळच्या ओझरला सुरू झाली. मिग विमानांसाठी साठच्या दशकात उभारलेला हा कारखाना आहे.

नागरी प्रशिक्षण संस्थांतल्या मुलांना मात्र ही आसने मिळत नाहीत, मिळण्यासारखीही नाहीत. त्यांची विमाने अजून पिस्टनचीच, बरीचशी जुनी. सेसना १५२ चे उत्पादन १९८५ मध्येच थांबले, म्हणजे कडबनवाडीला पडलेल्या विमानाची जात त्या मुलीपेक्षा वयाने मोठी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्याच एका संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिची उड्डाणे थांबवली. बारामतीच्या आजूबाजूला ऊस वाढतो आहे, औद्योगिक वसाहत पसरते आहे, विजेचे मनोरे दरवर्षी थोडे पुढे सरकतात. धुळ्याच्या आणि बारामतीच्या धावपट्ट्यांवरून रोज सकाळी उडणारी मुले उजव्या हाताने इंजिनाची मूठ मागे ओढून सराव करतात. शिक्षक विचारतो, आत्ता थांबले तर कुठे? आणि मूल खिडकीतून खाली बोट दाखवते.